खरा पैलवान कोण?

तरावीहची नमाज आटोपली की वाशीम, कारंजा, मंगरूळपीरची कितीतरी तरुण पोरं जिमकडे वळतात. दिवसभराचा रोजा, त्यात कुणाचा टोमणा, कुठे नोकरीला नकार. ‘आज सगळा राग वजनावर काढतो!’ ही भाषा मग ओघानेच येते.

राग वाईट नाही, पण त्याला शिस्त हवी. आपल्या शेजारच्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी आखाडा सुरू केला. गुलामीची चीड मनात असलेल्या पिढीला त्याने शिस्तीची कसरत शिकवली. तेच आजचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ मध्ये त्याच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवली.

शिस्तीविना राग स्वतःवरच उलटतो. ५२ देशांतील रुग्णांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की संतापाच्या भरात जोराचे श्रम केल्यास तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. म्हणून पोरांनो, डोकं तापलेलं असेल तर आधी वजू करा, पाणी प्या, थोडं बसा. वजन कुठे जात नाही.

पैगंबर साहेबांची (स.) शिकवणही हीच: दुसऱ्याला चीत करणारा नव्हे, तर रागात स्वतःला आवरणारा खरा पैलवान. कुणी भांडण उकरून काढलं, तर रोजेदाराने ‘माझा रोजा आहे’ एवढंच म्हणावं. शंभर किलो उचलणाऱ्यालाही हे वाक्य जड जातं. त्याचा सराव रमजानचे एकोणतीस-तीस दिवस होतो. ईदनंतर तो सुटू नये.