बाळंतपणाचा दिवस कोण ठरवतं?

गाभण मेंढीचं गर्भाशय जवळजवळ पाच महिने शांत असतं, पण ती विश्रांती नव्हे. गर्भाशय स्नायूंचं बनलेलं आहे आणि ताण पडला की आकुंचन पावणं हा स्नायूचा स्वभावच. पिल्लू वाढतं, भिंत ताणत जाते, तरी कळा येत नाहीत, कारण प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक त्या स्नायूला अखंड रोखून धरतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुडविग फ्रेंकेल यांनी सशांवर दाखवलं, की बीजांडकोशातले, हे संप्रेरक बनवणारे पीतपिंड नष्ट केले तर गर्भ टिकत नाही. १९२९ मध्ये जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी बीजांडकोश काढलेल्या सशांना पीतपिंडाचा अर्क देऊन गर्भ टिकवूनही दाखवला. गर्भारपण असं क्षणोक्षणी राखावं लागतं. मग प्रसूती म्हणजे मुख्यतः हे राखणं संपणं, असं मला वाटतं.

यावर कोणी म्हणेल, कळा तर ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे येतात. खरं आहे, पण प्रोजेस्टेरॉनचा अंमल असेपर्यंत गर्भाशय ऑक्सिटोसिनला फारशी दाद देत नाही. अंमल ओसरून इस्ट्रोजेन वाढलं, की ऑक्सिटोसिनची दखल घेणारे ग्राही स्नायूत भराभर वाढतात. हा बदल घडवतं कोण? न्यूझीलंडच्या मॉन्ट लिगिन्स यांनी १९६०च्या दशकात पोटातल्या कोकराची पीयूषिका ग्रंथी नष्ट केली, तेव्हा दिवस उलटून गेले तरी मेंढी व्यायली नाही. उलट कोकराला कॉर्टिसॉल दिलं तर ती वेळेआधीच व्यायली. कोकराचं कॉर्टिसॉल वाढलं की वारेतली विकरं प्रोजेस्टेरॉनपासून पुढे इस्ट्रोजेन बनवू लागतात. म्हणजे मेंढीत मुहूर्त ठरवतं ते पिल्लू! वेळेआधी जन्मलेली ही कोकरं अपेक्षेपेक्षा चांगला श्वास घेत होती. त्याच धाग्यावरून १९७२ मध्ये लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी अकाली प्रसूतीचा धोका असलेल्या स्त्रियांना कॉर्टिसॉलसारखं स्टेरॉइड देऊन अनेक बाळांची फुप्फुसं सावरली.

मोठा आक्षेप माणसाचा आहे. स्त्रीच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन प्रसूतीपूर्वी असं घसरत नाही. पण प्रोजेस्टेरॉनचे ग्राही अडवणारं मिफेप्रिस्टोन दिलं की तिचंही गर्भाशय आकुंचन पावू लागतं. राखणदार तोच आहे, त्याला दूर सारण्याची रीत तेवढी वेगळी. प्राण्याप्राण्यांतला हा फरक गोठ्यातही महत्त्वाचा ठरतो. मेंढीत साधारण पन्नास दिवसांनंतर वारच पुरेसं प्रोजेस्टेरॉन बनवते. शेळी मात्र शेवटपर्यंत पीतपिंडावरच अवलंबून असते. माजावर आणण्यासाठी दिलं जाणारं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन हाच पीतपिंड विरघळवतं. म्हणून ते देण्याआधी शेळी गाभण नाही याची पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यायलाच हवी.