शेक छातीला, हृदयाला नव्हे

मोहोळ तालुक्यातल्या बाईला स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घ्यायचे झाले, तर जवळच्या वाटा दोन: हमरस्त्याने सोलापूर, नाहीतर वैरागवरून बार्शी. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलाचे नाव या भागात घरोघरी माहीत आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. तरीही घरात ‘शेक द्यायचाय’ असे ठरले की पहिली चौकशी मशीनची होते. मशीन नवे आहे का? पुण्या-मुंबईला त्याहून भारी मिळेल का? चौकशी चुकीची नाही, पण अपुरी आहे. किरणोपचार किती नेमका झाला हे मशीनच्या किमतीवरून कळत नाही. हृदयाला किती किरण लागले आणि बाईला किती दिवस यावे लागले, या दोन आकड्यांवरून कळते.

हृदयाचे आधी पाहू. शस्त्रक्रियेत गाठ निघते, पण नजरेला न दिसणाऱ्या पेशी मागे राहू शकतात. स्तन वाचवून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर किरण दिले, तर दहा वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर येते, असे दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या एकत्रित माहितीतून २०११ साली दिसले. म्हणजे हा उपचार टाळण्यासारखा नाही. अडचण जागेची आहे. छातीचा पिंजरा गोलाकार, त्याच्या आत फुप्फुस आणि डावीकडे फासळ्यांना जवळजवळ टेकलेले हृदय. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ स्त्रियांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हृदयाला मिळालेला सरासरी डोस एका ग्रेने वाढला की हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. ग्रे हे किरणांच्या डोसाचे माप. ज्याच्या खाली धोकाच नाही, अशी मर्यादा काही सापडली नाही. वाढलेला धोका वीस वर्षांनंतरही टिकून होता. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने लवकर, बऱ्याचदा चाळिशी-पन्नाशीत गाठतो. ज्या बाईपुढे अजून पंचवीस-तीस वर्षे आहेत, तिच्यासाठी हा हिशेब महत्त्वाचा आहे.

हृदय वाचवण्याचा परिणामकारक उपाय श्वासात आहे. खोल श्वास घेऊन रोखला की फुप्फुस फुगते आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे, खाली सरकते. तेवढ्या वेळात किरण सोडायचे, श्वास सुटला की थांबवायचे. यासाठी श्वासावर नजर ठेवणारी यंत्रणा लागते, ती फुकट येत नाही. पण त्याहून जास्त लागतो तो तंत्रज्ञाचा वेळ: बाईला समजेल अशा भाषेत शिकवायचे, वीसेक सेकंद श्वास धरण्याचा सराव करून घ्यायचा. मग सीटी स्कॅनवर हृदयाची कड काळजीपूर्वक आखायची, आणि मशीनच्या तोंडाशी असलेल्या टंगस्टनच्या सरकत्या पट्ट्यांनी किरणांना त्या आखणीप्रमाणे आकार द्यायचा. आखणी चुकली तर भारी मशीन तीच चूक अचूकपणे रोज करत राहील.

आता दिवसांचे. जुनी पद्धत २५ वेळा, म्हणजे पाच आठवडे. ब्रिटनमधल्या चाचण्यांनंतर ती १५ वेळांवर आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीत ४,०९६ रुग्ण होते. तिच्यात पाच वेळांत दिलेले २६ ग्रे हे पंधरा वेळांत दिलेल्या ४० ग्रेच्या तोडीचे ठरले. रोजचा डोस मोठा, मग कातडी आणि आतला भाग जास्त बिघडणार नाही का, ही शंका रास्तच आहे. म्हणूनच त्या चाचणीत पाच वेळांत २७ ग्रे देऊनही पाहिले होते. आजार त्यानेही आटोक्यात राहिला, पण स्तन आक्रसणे, घट्ट होणे असे त्रास जास्त दिसले. २६ ग्रेला ते १५ वेळांच्या पद्धतीइतकेच राहिले. एका ग्रेचा फरक! सरकारी योजनेत उपचाराचा खर्च भागतो, एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. पण ज्वारीच्या काढणीत बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही, आणि सोबतीला आलेल्या माणसाचीही बुडते. दिवस मोजायला लागले की अर्ध्यावर उपचार सोडण्याचा मोहही तिथूनच सुरू होतो.

यावर कोणी म्हणेल, हे लवकर निदान झालेल्या शहरी बायकांचे लाड. आपल्याकडे बाई येते तेव्हा स्तन काढावाच लागतो. येते उशिरा, हे खरे. पण स्तन काढल्यावर किरण थेट छातीच्या भिंतीवर द्यायचे असतात आणि हृदय तिच्या लगेच मागे असते. तिथे श्वास रोखण्याची गरज उलट वाढते. दुसरे म्हणणे प्रोटॉन किरणोपचाराचे. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात ती सोय आली आहे आणि प्रोटॉनचे किरण ठराविक खोलीवर थांबतात, हा मोठा गुण आहे. मात्र स्तनाच्या बहुतेक रुग्णांचे हृदय नेहमीच्या किरणोपचार मशीनवर (लिनिअर ॲक्सिलरेटरवर), श्वास रोखून, पुरेसे वाचवता येते. प्रोटॉनच्या जागा मुलांच्या आणि मेंदू-मणक्याजवळच्या गाठींना आधी मिळाव्यात.

पाच दिवसांचा उपचार सगळ्यांना लागू नाही, हेही सांगायला हवे. काखेतल्या किंवा गळपट्टीच्या हाडावरच्या गाठींनाही किरण द्यायचे असतील, तर डॉक्टर पंधरा वेळांवर थांबले म्हणून त्यांना जुनाट ठरवू नये. दमा असलेल्या किंवा वयस्क बाईला श्वास धरणे जमेलच असे नाही. अशा वेळी काही जणींना पोटावर झोपवून उपचार करतात, तर काहींचा किरणांचा कोन बदलतात. डाव्या बाजूचा आजार असेल तर आखणी झाल्यावर, किरण सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे: हृदयाला सरासरी किती ग्रे जाणार? सीटी स्कॅनवर केलेल्या आखणीत तो आकडा असतो.