सॉम : संथ पाण्याची रणनदी

उत्तर फ्रान्समधील सॉम नदी सुमारे २४५ किलोमीटर वाहून इंग्लिश खाडीला मिळते. प्रदेश जवळजवळ सपाट असल्याने तिचा प्रवाह संथ असून काठाला रुंद दलदल आहे. त्यामुळे सैन्याला ती मोजक्या पुलांवरून किंवा उतारांवरूनच ओलांडता येई. १३४६ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड ओहोटी साधून ब्लांशताकच्या उतारावरून पार झाला आणि दोनच दिवसांनी क्रेसीची लढाई जिंकला.

१ जुलै १९१६ रोजी ब्रिटिश व फ्रेंच फौजांनी येथे जर्मनांवर हल्ला केला. आठवडाभराच्या तोफमाऱ्यानंतरही जर्मनांची खोल भुयारे आणि काटेरी तारा बव्हंशी शाबूत होत्या. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० सैनिक हताहत झाले. त्यांपैकी १९,२४० मृत्युमुखी पडले. ब्रिटिश लष्कराच्या इतिहासातील हा सर्वांत भीषण दिवस. १४ जुलैला ‘डेक्कन हॉर्स’ या भारतीय घोडदळाने हाय वूडजवळ भाले सरसावून चढाई केली. १५ सप्टेंबरला युद्धात प्रथमच रणगाडे उतरले. नोव्हेंबरात लढाई थांबली, तेव्हा दोस्तांची आगेकूच जेमतेम दहा किलोमीटर होती आणि दोन्ही बाजूंचे मिळून दहा लाखांहून अधिक सैनिक हताहत झाले होते.

जून १९४० मध्ये फ्रेंचांनी पुन्हा याच नदीवर संरक्षणफळी उभारली. जर्मनांनी ती काही दिवसांतच फोडली.