वाऱ्याच्या तोंडाला

गोव्यातील दाबोळीच्या पठारावरील जांभ्या दगडाचा एक हरभऱ्याएवढा खडा माझ्या नोकरीतील पहिल्या वर्षी माझ्या खिशात कित्येक दिवस पडून होता, आणि तो मी फेकून का देत नाही, असे घरच्यांनी विचारले तेव्हा मला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. नौदलाच्या विमानतळावर मी मुलकी कारकून म्हणून रुजू झालो तो 1967 च्या पावसाळ्यानंतर. भांडारातील जिन्नसांच्या नोंदी ठेवणे एवढेच माझे काम असले, तरी तेथील शिरस्ता असा होता की सकाळी उड्डाणे सुरू होण्यापूर्वी हाताशी असतील तेवढी माणसे धावपट्टीच्या एका टोकाला खांद्याला खांदा लावून आडवी उभी राहत, आणि मान खाली घालून, पावलापुढे पाऊल टाकीत, दुसऱ्या टोकापर्यंत खडे, खिळे, तारेचे तुकडे वेचीत जात. सी हॉक विमानाच्या पंखांच्या मुळाशी हवा आत ओढून घेणारी दोन तोंडे असतात. त्यांतून एखादा खडा इंजिनात गेला तर आतील पाती मोडतात, आणि त्या विमानाला इंजिन एकच. त्या रांगेत खलाशी असत, मेकॅनिक असत, माझ्यासारखे दोन-चार धोतर-पाटलोणवाले कारकून असत. आणि माझ्या उजव्या हाताला, पांढऱ्या गणवेशाच्या कडक इस्त्रीची पर्वा न करता वाकून खडे उचलणारा जो गृहस्थ पहिल्याच दिवशी मला दिसला, तो एका तुकडीचा प्रमुख होता, हे मला रांग संपल्यावर कळले.

त्या अधिकाऱ्याची आणि माझी ओळख पुढे दहा-बारा वर्षे टिकली. त्याचे नाव मी येथे सांगत नाही. ते त्याला आवडले नसते. साताऱ्याकडील एका शाळामास्तरांचा हा मुलगा खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून नौदलात गेला, आणि नौदलात गेला म्हणजे प्रथम समुद्रावर गेला. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हवाई दलातील तरुण विमानात बसतो तेव्हा त्याला फक्त आकाश शिकायचे असते. नौदलातील वैमानिकाला मात्र आधी जहाजाच्या ब्रिजवर रात्र-रात्र पहारा करून, होकायंत्र, भरती-ओहोटी, दीपगृहे आणि समोरून येणाऱ्या जहाजांचे दिवे यांची परीक्षा देऊन, स्वतंत्रपणे जहाज चालविण्याची सनद मिळवावी लागे, आणि तेवढे झाल्यावर मग त्याची रवानगी उड्डाणशाळेकडे होई. हा मधला काळ अनेकांना वाया गेल्यासारखा वाटतो. आमच्या कमांडरसाहेबांना (त्या वेळी त्यांचा हुद्दा लेफ्टनंट कमांडरचा होता, पण विमानतळावरचे मराठी लोक त्यांना आधीपासूनच कमांडरसाहेब म्हणत) तो तसा वाटला नव्हता. ते म्हणत, “भाऊसाहेब, ज्या घरात परत यायचे त्या घराचे वासे मोजून घेतलेले बरे.”

दाबोळीचा तळ तेव्हा नवाच होता. पोर्तुगीजांनी बांधलेल्या या धावपट्टीवर डिसेंबर 1961 मध्ये आपल्याच हवाई दलाने बाँब टाकले होते. पुढच्या वर्षी ती नौदलाच्या ताब्यात आली, आणि कोइमतूरजवळच्या सुलूर येथे स्थापन झालेला ‘हंसा’ हा तळ 1964 साली येथे हलविण्यात आला. धावपट्टीच्या एका भागावर पांढऱ्या रंगाने जहाजाच्या डेकची आकृती रंगविलेली असे आणि तिच्या डाव्या अंगाला एक आरसा उभा केलेला असे. आमच्या भांडाराच्या मागच्या ओट्यावरून ही सगळी जागा उत्तम दिसत असल्यामुळे दुपारचा डबा आम्ही तेथेच खात असू. आणि विमानविद्येचे जे काही ज्ञान मला आहे त्याचा पाया त्या ओट्यावरच घातला गेला.

आरशाची युक्ती इंग्रजांची. अंतर्वक्र आरशात मागून सोडलेल्या दिव्यांचा प्रकाश पडून एक नारिंगी ठिपका तयार होतो, आणि आरशाच्या दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची आडवी ओळ असते. उतरणाऱ्या वैमानिकाला ठिपका त्या ओळीच्या वर दिसला तर तो फार उंच आहे, खाली दिसला तर फार खाली आहे; ओळीत दिसला तर वाट बरोबर. पूर्वी डेकच्या कडेला उभा राहून एक अधिकारी दोन्ही हातांतील बॅटी हलवून हे सांगत असे. जेट विमाने आली आणि त्यांच्या वेगापुढे माणसाचे हात अपुरे पडू लागले. सी हॉक उतरत असे तेव्हा त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास असे. मी जे पाहत असे ते असे की विमान आकृतीवर टेकते, आणि टेकताक्षणीच त्याचा आवाज कमी होण्याऐवजी एकदम वाढतो, आणि ते पुन्हा वर निघून जाते. मला वाटे, त्याला थांबायचे नसावे. कमांडरसाहेबांना मी हे विचारले तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मला अजून चमत्कारिक वाटते: जहाजावर उतरणारा वैमानिक चाके टेकल्याबरोबर इंजिन बंद करीत नाही, उलट पूर्ण शक्तीने सोडतो, कारण शेपटीखालचा हूक डेकवरील पोलादी तारेत अडकला आहे की नाही हे त्याला अर्धा-एक क्षण कळत नाही, अडकला असेल तर तार त्याला रोखील, आणि नसेल तर पुढे फक्त समुद्र आहे, तेव्हा उडण्याइतका वेग हाताशी असलाच पाहिजे. थांबण्यासाठी जोर लावायचा, हे त्यांच्या विद्येचे पहिले सूत्र.

आपल्या जहाजावर अशी पहिली तार आपल्या माणसाने पकडली ती 18 मे 1961 रोजी. ‘विक्रांत’ हे जहाज त्याच वर्षी 4 मार्चला बेलफास्ट येथे श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते नौदलात दाखल झाले होते आणि अद्याप हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागलेले नव्हते. त्याच्या तिरप्या डेकवर सी हॉक उतरविणारा तरुण होता लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी. हाच तरुण पुढे 1984 साली नौदलाचा प्रमुख झाला, आणि त्या पदापर्यंत पोचलेला तो पहिला नौवैमानिक. आमचे कमांडरसाहेब त्याचे नाव घेताना आवाज किंचित खाली आणीत. ज्याने आधी केले त्याच्याविषयी असा संकोच मी गवयांच्या मैफलीतच काय तो पाहिला आहे.

आता माझी एक चूक सांगतो. विमानाच्या प्रत्येक भागाला क्रमांक असतो, आणि कोणत्या भागाने किती उतरणी सोसल्या याचा हिशेब ठेवावा लागतो, कारण हूक काय, चाक काय, त्यांची मुदत तासांवर किंवा उतरणींवर मोजतात. एका चाकाच्या क्रमांकातील दोन आकडे मी नोंदवहीत उलटे लिहिले. चूक तिसऱ्या दिवशी सापडली, विमान त्या अवधीत उडालेही नव्हते, आणि माझ्या वरिष्ठांनी ती लाल शाईने दुरुस्त करून विषय बरखास्त केला. दुसऱ्या दिवशी कमांडरसाहेब स्वतः भांडारात आले. ते रागावले नाहीत. त्यांनी वही मागितली, त्या पानावर बोट ठेवले, आणि मला त्या महिन्याच्या सगळ्या नोंदी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायला लावल्या, स्वतः हातात मूळ चिठ्ठ्या घेऊन. दीड तास लागला. एका तुकडीचा प्रमुख कारकुनासमोर दीड तास बसतो हे पाहून माझे सहकारी हसू आवरीत होते. उठताना ते म्हणाले, “तुमचे आणि माझे काम एकच आहे. मला फक्त वारा जास्त लागतो.” त्यांची ती दीड तासाची बैठक हीच मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीची खरी ओळख वाटते, पदके वगैरे जी असतील ती असोत.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी त्यांची नेमणूक ‘विक्रांत’वर कमांडर (एअर) म्हणून झाली. जहाजावरील सर्व उड्डाणे आणि सर्व उतरणी या एका माणसाच्या शब्दाने होतात, आणि जहाजावर त्याला ‘विंग्ज’ म्हणतात. गंमत अशी की हे पद मिळाले म्हणजे त्याचे स्वतःचे उडणे जवळजवळ संपते. मला तुकडीच्या सामानाची पावती करून देण्यासाठी दोन दिवस जहाजावर जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा हे काम जवळून पाहण्याचा योग आला.

सातशे फूट लांबीचे ते जहाज बंदरात पाहिले म्हणजे अवाढव्य वाटे. समुद्रात गेल्यावर, आणि त्यावर कुणी उतरणार आहे असे कळल्यावर, तेच अंगणाएवढे होई. डेकच्या उजव्या कडेला जो मनोरा असतो, ज्याला तेथे ‘आयलंड’ म्हणतात, त्याच्या अंगाला डेककडे तोंड करून काचेची एक अरुंद खोली होती. तिच्यात ते बसत. समोर डेक, डेकवर पिवळ्या, निळ्या, हिरव्या अंगरख्यांची माणसे, प्रत्येक रंगाचे काम वेगळे आणि आवाजामुळे सारे बोलणे हातांनी. विमाने सोडायची किंवा घ्यायची वेळ आली की सारे जहाज वळून वाऱ्याच्या तोंडाला येते. कारण जहाजाचा वेग आणि समोरचा वारा मिळून डेकवर जेवढा वारा वाहील तेवढा विमानाचा भार हलका होतो. वाफेचा कॅटापुल्ट विमानाला गोफणीतल्या दगडासारखे फेकतो, आणि डेकच्या टोकापलीकडे गेलेले विमान क्षणभर खाली बुडते. प्रत्येक वेळी माझा जीव त्याच्याबरोबर बुडत असे, तेथील माणसांचा मात्र कधी बुडालेला दिसला नाही.

वाऱ्याच्या या हिशेबाचे खरे महत्त्व मला तेथेच कळले. 1971 च्या युद्धात ‘विक्रांत’च्या चार बाष्पकांपैकी एकाला तडे गेलेले होते, त्यामुळे जहाजाला पुरा वेग घेता येत नव्हता, आणि वेग नाही म्हणजे डेकवर वारा नाही. त्या उणिवेसह, कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाताखाली, बंगालच्या उपसागरात 4 डिसेंबरला आठ सी हॉक विमाने लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली कॉक्स बझारवर गेली, आणि त्याच दिवशी चितगाववरही हल्ला झाला. गुप्ता यांना महावीर चक्र मिळाले. वर्तमानपत्रांनी या हल्ल्यांविषयी पुष्कळ लिहिले, ते योग्यच होते. परंतु लंगड्या जहाजावर प्रत्येक वेळी किती वारा आहे, किती भार घेऊन विमान सुटेल, आणि परत येताना किती इंधन शिल्लक राहील, ही बेरीज-वजाबाकी करीत कुणीतरी त्या काचेच्या खोलीत बसले असणार, याचा उल्लेख मी कुठे फारसा वाचला नाही.

माझ्या त्या मुक्कामात दुसऱ्या दिवशी दुपारी चार सी हॉक विमाने परत आली. पहिली तीन उतरली. प्रत्येक विमान तारेने खेचले गेले, मागे सरकले, हूक सुटला, पंख वर दुमडले गेले, आणि पुढचे विमान येण्यापूर्वी ते वाटेतून बाजूला झाले, हे सारे एखाद्या मिनिटाच्या आत. चौथ्यात एक नवखा मुलगा होता. तो आला, टेकला, हूक तारांवरून घासत ठिणग्या उडवीत गेला, आणि विमान गर्जना करीत तिरप्या डेकवरून पुन्हा वर निघाले. जहाज वाऱ्यातच ठेवण्यात आले. दुसऱ्या खेपेला तो थोडा उंच आला आणि पुन्हा तसेच झाले. काचेच्या खोलीतले कुणी बोलत नव्हते. मला दारात उभे राहण्याची परवानगी दिलेली होती, आणि मी मनात म्हणत होतो, आणखी एकदा, आता नक्की. बाजूच्या एका अधिकाऱ्याच्या तोंडातूनही तेच निघाले. कमांडरसाहेबांनी हातातल्या पाटीवर लिहिलेला इंधनाचा आकडा पाहिला, घड्याळ पाहिले, दाबोळीचे अंतर विचारले, आणि बोलण्याच्या यंत्रात शांतपणे त्या मुलाला दाबोळीला जाण्यास सांगितले. इंधन तिसऱ्या प्रयत्नालाही पुरले असते, असे मला नंतर एका खलाशाने सांगितले.

संध्याकाळी जेवणानंतर मी धीर करून विचारले की त्याला आणखी एक संधी का दिली नाही. ते बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पहिल्या खेपेला तो विमान चालवीत होता. दुसऱ्या खेपेला तो माझ्याकडे बघत होता.” आणि थोड्या वेळाने: “उद्या सकाळी येईल. उद्या त्याला मी आठवणार नाही.” दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास तो मुलगा आला आणि पहिल्याच खेपेला तार पकडून उभा राहिला, त्याला पाहण्यासाठी कमांडरसाहेब खोलीतून बाहेर आले नाहीत. ते पावत्यांवर सह्या करीत होते, आणि माझ्या एका पावतीतील बेरीज त्यांनी तपासली. ती बरोबर होती.

ते निवृत्त झाले तेव्हा सी हॉक विमानेही निवृत्त होण्याच्या बेतात होती. 1983 च्या डिसेंबरात दाबोळीवर सी हॅरियर आली. ‘विक्रांत’ 31 जानेवारी 1997 रोजी सेवेतून काढण्यात आली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि 2014 साली तोडण्यात आली. कमांडरसाहेबांना ते दिवस पाहावे लागले नाहीत, याचे मला दुःख होत नाही.

दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमानसंग्रहालय आहे. तेथे उघड्यावर एक सी हॉक ठेवलेले आहे. मुले त्याच्या नाकाशी उभी राहून छायाचित्रे काढतात. तुम्ही गेलात तर मागच्या बाजूने फिरून शेपटीखाली वाकून पाहा, हूक तेथे असतो. सोमवारी मात्र जाऊ नका, त्या दिवशी संग्रहालय बंद असते.