भरतीची तिथी आणि घंटेचा वार

मालाड स्थानकावरून पश्चिमेकडे निघालेला प्रवासी मालवणीची दाट वस्ती ओलांडून तिवरांच्या कडेकडेने मढकडे वळला, अथवा वेसाव्याच्या धक्क्यावरून नावेत बसून खाडी पार करून पलीकडे उतरला, की महानगराचा कोलाहल हळूहळू मागे पडतो आणि प्रथम नाकाला भिडतो तो सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. बांबूंच्या वलांड्यांवर, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेल्या त्या मासळीच्या रांगा उन्हात चमकत असतात; त्यांच्या सावलीत बसून कोणी जाळ्याची फाटलेली आस शिवत असतो, कोणी जवळा पसरीत असते; आणि या साऱ्या व्यवहारावर वाऱ्याच्या लहरीबरोबर मधूनच एखाद्या देवळाची घंटा ऐकू येते. हे देऊळ हरबादेवीचे असेल, किंवा क्रूस माथ्यावर धारण करणारे ख्रिस्तमंदिरही असेल. कारण मढ, एरंगळ, भाटी, मार्वे, मनोरी, गोराई या किनारपट्टीवर हिंदू कोळी, ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन म्हणून ओळखला जाणारा मराठीभाषक कॅथलिक समाज पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजाराने राहत आला आहे.

या किनाऱ्यावरचा ख्रिस्ती मच्छीमार दोन कालगणनांत जगतो. पहिली समुद्राची, आणि ती चालते तिथीवर. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येते, पाण्याला ओढ लागते आणि त्या ओढीवर विसंबून असलेली डोल नावाची जाळी भरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, प्रवाह मंदावतो आणि जाळ्याला विश्रांती मिळते. तिथीची पाऊणकी केली की भरतीची वेळ सुमाराने निघते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या लहान पोरालाही तोंडपाठ असतो. दुसरी कालगणना चर्चची, आणि ती चालते वारावर: रविवार ते शनिवार, पुन्हा रविवार. चंद्र कोठेही असो, भरती असो वा ओहोटी, सातव्या दिवशी घंटा वाजणारच. समुद्र माणसाला घरापासून, शेजाऱ्यापासून, किनाऱ्यापासून दूर नेतो; आठवड्याचा हा वार त्याला परत आणून एका छपराखाली उभा करतो. कॅथलिक पॅरिशचे जीवन समजून घ्यायचे असेल, तर या परत आणून उभे करण्यापासूनच प्रारंभ केला पाहिजे.

पॅरिश या शब्दाला मराठी ख्रिस्ती वाङ्‌मयात ‘धर्मग्राम’ असा सुंदर प्रतिशब्द रूढ आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शेजारी वसणे असा आहे, आणि त्याचे मर्म त्यातच आहे. धर्मग्राम म्हणजे केवळ चर्चची इमारत नव्हे. एका निश्चित हद्दीत राहणारी सर्व कॅथलिक कुटुंबे, त्यांच्यासाठी नेमलेला प्रमुख धर्मगुरू आणि त्या सर्वांचे सामायिक दफ्तर मिळून तो होतो. मंदिरात भाविक आपल्या इच्छेने जातो आणि येतो. धर्मग्रामात मात्र त्याचे नाव दाखल असते. धर्मगुरूवर त्या नावांची जबाबदारी असते, इतकी की प्रत्येक रविवारी व सणाच्या दिवशी त्याने आपल्या धर्मग्रामातील लोकांसाठी एक मिस्सा, म्हणजे ख्रिस्तयागाची उपासना, अर्पण केलीच पाहिजे, असा चर्चचा कायदा आहे. अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो. मढचा मुलूख मुंबईच्या महाधर्मप्रांतात मोडतो, आणि त्या पीठाला महाधर्मप्रांताचा दर्जा 1886 साली मिळाला.

दफ्तराचा उल्लेख सहज केलेला नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 साली असा हुकूम काढला, की विवाहापूर्वी त्याची जाहीर घोषणा लागोपाठ तीन सणवारांना व्हावी, आणि स्नानसंस्कार व विवाह यांची नोंद धर्मगुरूने वहीत ठेवावी. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, 1575 साली, पोर्तुगीज अमलात एरंगळच्या वाळूवर संत बोनाव्हेंचरचे देऊळ उभे राहिले असे सांगितले जाते. सरकारदरबारी जन्ममृत्यूच्या नोंदीचा कायदा हिंदुस्थानात आला तो 1886 साली. तोपर्यंत, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे, कोण केव्हा जन्मला, कोणाचा कोण, याचा लेखी दाखला साष्टी बेटावरील ख्रिस्ती माणसाला मिळे तो देवळाच्या वहीतूनच. स्नानसंस्काराच्या नोंदीसमोरच पुढे दृढीकरणाची आणि विवाहाची टीप जोडली जाते, आणि अशा रीतीने एका माणसाचे आयुष्य एका ओळीत गोळा होत जाते. तांडेल असो, खलाशी असो वा कचेरीतला साहेब असो, वहीतील ओळ सर्वांची सारख्याच लांबीची असते.

या समाजाचा इतिहास फिरंग्यांबरोबर आला म्हणून तो फिरंग्यांबरोबर गेला नाही. 1739 च्या मोहिमेत मढचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला, त्याच वर्षी चिमाजी अप्पांनी वसई घेतली. 1774 साली साष्टी इंग्रजांकडे गेली. राज्ये पालटली, पाद्री थोडे उरले, तरी गावठाणातले क्रूस उभे राहिले आणि त्यांच्यापुढे संध्याकाळची माळ म्हटली जात राहिली. 1887 साली, महाराणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या मूळच्या कोकणस्थ ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव आपलेसे करून आपली संस्था स्थापली. नाव इंग्रजी, परंतु घरातली बोली मराठी; लुगडे नेसण्याची धाटणी, लग्नातले उंबराचे पाणी, ओव्यांचा ठेका हे सारे याच मातीतले.

आता आठवड्याकडे वळू. रविवारच्या सकाळी घंटा वाजते तेव्हा मढच्या गल्ल्यांतून निघालेली कुटुंबे पाहावीत. आजी पुढे, तिच्या हाताला धरून नातवंडे. आयाबायांच्या केसांत फुले. आदल्या रात्री बोटीवरून उतरलेला बाप सर्वांच्या मागे, अंगावर धुतलेला सदरा, पण हातांच्या भेगांतून दोराचे वळ न गेलेले. मिस्साचे दोन मुख्य भाग असतात. पहिल्या भागात बायबलची वाचने, स्तोत्र, शुभवर्तमान आणि त्यावरील प्रवचन. दुसऱ्या भागात भाकर आणि द्राक्षारस वेदीवर आणून अर्पण करणे, त्यांवरील प्रार्थना आणि ख्रिस्तप्रसादाचे ग्रहण. वाचने तीन वर्षांच्या चक्रात अशी गुंफलेली असतात, की नियमाने येणाऱ्या माणसाच्या कानांवर शुभवर्तमानाचा बहुतेक भाग पडून जातो. मच्छीमारांच्या वस्तीत त्याला एक आगळा रंग चढतो. कारण ख्रिस्ताचे पहिले शिष्य जाळी टाकणारे होते, आणि रात्रभर कष्ट करून काही हाती न लागल्याची पेत्राची व्यथा येथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

ही सारी उपासना लोकांच्या भाषेत व्हावी, ही गोष्ट आज स्वाभाविक वाटत असली तरी तिला फार काळ झालेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज 4 डिसेंबर 1963 रोजी जाहीर केला आणि त्यानंतर लॅटिनच्या जागी देशभाषा वेदीवर आल्या. मराठीला मात्र ख्रिस्ती भक्तीचा शब्द नवा नव्हता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे छापले गेले होते, आणि त्यातील दहा हजारांहून अधिक ओव्या ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात ख्रिस्तकथा सांगत होत्या. 2020 साली धाराशिव येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले, तेव्हा त्या प्रदीर्घ परंपरेला तिचे योग्य स्थान लाभले असेच म्हटले पाहिजे.

मिस्सा संपण्यापूर्वी काही क्षण असे येतात, की ज्यांत बाहेरच्या पाहुण्याला फारसे काही दिसत नाही, पण गावाचा जीव त्यांतच असतो. ते क्षण घोषणांचे. अमुक याचा मुलगा आणि तमुक यांची मुलगी यांचा विवाह ठरला आहे, कोणाला काही अडचण ठाऊक असल्यास कळवावे. अमुक रुग्णालयात आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. बालकांच्या धर्मशिक्षणाचे वर्ग मिस्सानंतर भरतील. गुरुवारी तमक्या गल्लीत प्रार्थनासभा आहे. गावचा दवंडीवाला जे काम पूर्वी वेशीवर करी ते येथे वेदीजवळ होते, आणि मग पायऱ्यांवर त्याचा पुढचा अध्याय सुरू होतो. कोणाच्या बोटीचे इंजिन बिघडले, कोणाच्या घरी पोर आजारी आहे, कोणाला पुढच्या आठवड्यात पैशाची तोशीस पडणार आहे, हे पायऱ्यांवर न सांगता कळते.

सप्ताहाचे बाकीचे दिवस रिकामे नसतात. रोज सकाळी वा संध्याकाळी एक छोटी मिस्सा होतेच. बुधवारी मुंबईतील असंख्य पावले माहीमच्या संत मायकल देवळाकडे वळतात. नित्यसाहाय्य मातेची नोव्हेना तेथे 8 सप्टेंबर 1948 रोजी सुरू झाली, आणि आज पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या रांगेत सर्व धर्मांची माणसे उभी असतात. ऐंशीच्या दशकापासून महाधर्मप्रांताने लहान ख्रिस्ती समूहांची रचना अंगीकारली. एका गल्लीतील पंधरा-वीस-तीस घरे मिळून एक समूह. ते आळीपाळीने एकेका घरी जमतात, बायबलचा उतारा वाचतात, आणि त्या उताऱ्याचा आपल्या गल्लीतील भांडणाशी, गटाराशी, दारूशी, एकाकी म्हातारीशी काय संबंध लागतो याचा विचार करतात. अनेक धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची शाखा असते. फ्रेडरिक ओझानाम या तरुणाने आपल्या सोबत्यांसह 1833 साली पॅरिसमध्ये तिची स्थापना केली. सभासद दर आठवड्यास बैठक भरवितात, तेथे एक पिशवी फिरते, प्रत्येकाने आत मूठ घालायची. कोणी किती दिले हे कोणास कळत नाही, आणि त्या रकमेतून दोघेदोघे मिळून गरजू घरी प्रत्यक्ष भेटीला जातात.

शुक्रवार हा ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा वार. उपवासकाळात त्या दिवशी क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने भाविक गुडघे टेकीत, पुढे सरकत पूर्ण करतात. त्या दिवशी मांस वर्ज्य, मासळी मात्र चालते; त्यामुळे कोळणीच्या पाटीला ख्रिस्ती उंबरठ्यावर शुक्रवारी विशेष मान. परंतु शुक्रवारचे जे दृश्य मनात कायमचे राहावे असे, ते महिन्याच्या पहिल्या शुक्रवारचे. त्या सकाळी धर्मगुरू ख्रिस्तप्रसादाची लहानशी डबी छातीशी धरून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातो. कौलारू पडवी, आत खाटेवर एक वृद्धा. शेजारी तिपाईवर पांढरा धुतलेला कपडा अंथरलेला, त्यावर क्रूस आणि दोन मेणबत्त्या. सुनेने सकाळपासून दोनदा तो कपडा नीट केला आहे. दारात चपला काढून शेजारच्या चार बाया उभ्या. प्रार्थना पाच मिनिटांची. म्हातारीचे ओठ शब्दांच्या जरासे मागे हलतात, पण शेवटचे ‘आमेन’ स्पष्ट उमटते. धर्मगुरू उठतो तेव्हा ती विचारते, “बाबा, रविवारी देऊल भरलं होतं ना?” आपण जेथे जाऊ शकत नाही ते ठिकाण भरलेले असावे, ही तिची काळजी, आणि धर्मग्राम या शब्दाची याहून नेमकी व्याख्या मला कोणत्याही ग्रंथात आढळलेली नाही.

आठवड्यांच्या या धाग्यात वर्षाचे मणी ओवलेले असतात. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून उपवासकाळ सुरू होतो, झावळ्यांच्या रविवारी हातांत झावळ्या घेऊन मिरवणूक निघते, मग पुनरुत्थानाचा सण, मे महिन्यात गावठाणातील क्रुसांना फुलांच्या माळा चढतात आणि त्याच कडक उन्हात घरोघर वर्षाचा बाटली मसाला कुटला जातो, ऑक्टोबरात अगेरा, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या वेदीवर आणून केलेली कृतज्ञता, आणि नाताळ.

या सर्वांत एरंगळची जत्रा निराळी. संत बोनाव्हेंचर हे तेराव्या शतकातील फ्रान्सिस्कन पंडित, आणि पंचांगाप्रमाणे त्यांचा सण पडतो जुलैत. जुलैच्या एखाद्या दुपारी या किनाऱ्यावर उभे राहावे: समुद्र काळा, होड्या वर ओढून झाकलेल्या, वाळूवर पावसाचे लोट. मेळ्यासाठी मात्र जनसमुदाय जमतो तो जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, निरभ्र आकाशाखाली. पूर्वी साष्टीच्या गावोगावहून बैलगाड्या जुंपून लोक येत. आता वेसाव्याची नाव आणि मालाडची बस भरभरून येते. देवळात मिस्सा, वाळूवर कुटुंबांचे तळ, टोपल्यांतून निघालेले खायचे तळलेले फुगे आणि मटणाचे डबे. आणि नवस फेडायला आलेल्यांत हिंदू कोळणीही मेणबत्ती लावताना दिसतात. संताची तारीख बाजूला राहिली, लोकांना एकत्र येता येईल असा वार राहिला.

आज या वारावर ताण आहे. मच्छी कमी झाली, मुले नोकरीला लागली, आणि अनेक कंपन्यांत रविवार हाही कामाचाच दिवस. चर्चने शनिवारी सायंकाळची मिस्सा रविवारची म्हणून मान्य केली आहे, आणि अपरिहार्य कारणाने ज्याला येता येत नाही त्याला दोष लावलेला नाही. उधाणाच्या रविवारी समुद्रावर असलेल्या खलाशाला हा दिलासा मोठा. अशा वेळी देवळाचा भार स्त्रियाच सांभाळतात: वेदीवरची फुले, गायनवृंद, मुलांचे धर्मशिक्षण, संध्याकाळची माळ. मासळीबाजारातून परतून, हात धुऊन, पदर सावरून त्या येतात, आणि म्हणूनच घंटेला ऐकणारे कान मिळतात.

मिस्साच्या प्रारंभी, ज्यांच्या आत्म्यासाठी ती अर्पण होत आहे त्यांची नावे वाचली जातात. त्यांत एखादे नाव असे असते, की ज्याचा धनी पुष्कळ वर्षांपूर्वी डोलीच्या मासेमारीला गेला आणि परत आला नाही. त्याला माती मिळालेली नाही, त्याचा क्रूस कोठे रोवायचा हे कोणास ठाऊक नाही. तरी दरवर्षी त्या आठवड्यात त्याचे नाव उच्चारले जाते, मागच्या बाकावरची एक बाई मान खाली घालते, आणि सारे देऊळ तिच्याबरोबर उभे राहते.