जर्मनची भांडी : काळी का पडतात, कशी राखावीत?

लग्नसराई आली की उंब्रज-कराडकडे पातेली भाड्याने देणाऱ्या बांधवांची एक तक्रार आमच्या कानी येते : जर्मनचे नवे भांडे काळे पडले. दोष बहुधा धातूचा नसून घासण्याचा असतो.

अॅल्युमिनियमवर हवेने आपोआप ऑक्साईडचा पातळ थर बसतो. तोच त्याचा राखणदार. म्हणून या भांड्यांना कल्हई लागत नाही. धुण्याचा सोडा, कॉस्टिक व चुलीची राख या क्षारांनी हा थर निघतो आणि भांडे काळवंडते. त्यासाठी साधा साबण, गरम पाणी व मऊ काथ्या वापरावा. काळेपणा आलाच तर चिंच किंवा लिंबाच्या साली घालून पाणी पंधरा मिनिटे उकळावे, ते फेकावे आणि भांडे धुऊन लगेच पुसावे.

आंबट रस्सा वा मिठाचे पाणी रात्रभर ठेवू नये. मिठाने बारीक खड्डे पडतात. रिकामे भांडे जाळावर ठेवू नये. हा धातू ६६० अंशांवर वितळतो, तळ त्याआधीच वाकतो.

विक्रेत्यांनी आणखी एक जपावे. मिळेल त्या भंगारातून ओतलेल्या भांड्यात शिसे असू शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हिंडालियमसह काही आयात भांड्यांतून शिसे अन्नात उतरू शकते, असा इशारा दिला. ते घासून जात नाही. म्हणून आम्ही सुचवतो : पक्के बिल घ्यावे, ओतीव मालाला ‘आयएस २०’ व पत्र्याच्या मालाला ‘आयएस २१’ हे मानक विचारावे. नफा थोडा कमी झाला तरी गिऱ्हाईक टिकते.