जुन्या जीपची प्रेशर प्लेट

पावसाळ्यात भातकुलीकडची काळी माती चाकाला कशी बिलगते, हे आपल्याला सांगायला नको. चाक रुतलं की बैलगाडीवाला खाली उतरून खांदा देतो. मोटारवाला मात्र अर्धा क्लच दाबून इंजिन घुमवत बसतो. मग जळका वास सुटतो. तो क्लच प्लेटच्या अस्तराचा. पण तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी बिडाची जाड प्रेशर प्लेटही तेव्हा भाजून निघत असते.

महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या काळची एखादी जीप कुणी हौसेने जपली असेल, तर मूळ जातीची प्लेट दर वेळी मिळेलच असे नाही. तेव्हा जुनीच दुरुस्त करायची.

प्रथम कव्हर आणि प्लेट यांवर जुळती खूण ठोकावी, म्हणजे तोल बिघडत नाही. आतल्या स्प्रिंगा दाबलेल्या असतात. प्रेसखाली कव्हर धरल्याशिवाय नट सोडाल तर त्या तोंडावर उडतील! जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ फुंकरीने किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

प्लेटला तडा असेल तर ती भंगारात. नुसते निळे डाग, ओरखडे असतील तर घासून सपाट होते. पुष्कळ कारागीर इथेच थांबतात, आणि गाडी पुन्हा क्लच सोडते. का? प्लेट अर्धा मिलिमीटर पातळ झाली की ती तेवढी पुढे सरकते, मागच्या स्प्रिंगा तेवढ्या सैलावतात आणि दाब घटतो. म्हणून प्रत्येक स्प्रिंगेखाली तेवढ्याच जाडीचा वायसर घालावा लागतो. तापून निळी पडलेली किंवा इतरांहून आखूड भरणारी स्प्रिंग ठेवू नये. बदलायच्या तर सगळ्याच बदलाव्यात.

राहिल्या तीन फिंगरा. त्यांची टोके एका पातळीत हवीत, नाहीतर प्लेट तिरपी उचलली जाते आणि गाडी निघताना थरथरते. बसवताना कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावेत. शेवटी पॅडल साधारण एक इंच मोकळे ठेवावे. तेवढी मोकळीक नसली तर बेअरिंग फिंगरांना टेकूनच राहते, आणि पाय पॅडलवर नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो.